नाव तेच, द्रव्य निराळे : घरगुती वस्तू व सौंदर्यप्रसाधने यांतील घातक रसायने

१. विषयप्रवेश

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी हे गाव आहे. गावाच्या नावातील 'रंगारी' हा शब्द मूळचा कापड रंगविणाऱ्या कारागिराचा वाचक होय. कुंभकारापासून 'कुंभार' आणि सुवर्णकारापासून 'सोनार' हे शब्द ज्या रीतीने सिद्ध झाले, त्याच कुळातील हा शब्द आहे. आज मात्र 'रंगारी बोलावला आहे' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात कापड रंगविणारा उभा राहत नाही. घराच्या भिंती व खिडक्या रंगविणारा उभा राहतो. शब्द टिकला, परंतु त्या शब्दाने निर्दिष्ट होणाऱ्या माणसाचा व्यवसाय पालटला, आणि त्याच्या हातातील द्रव्यही पालटले.

जुना रंगारी नीळ, मंजिष्ठ, आल ह्यांसारख्या वनस्पतींवर अवलंबून असे. १८५६ साली विल्यम पर्किन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञास दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सिद्ध करण्यात यश आले आणि १८९७ पासून जर्मनीत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात येऊ लागली. त्यानंतर वनस्पतिजन्य रंगांचा व्यापार झपाट्याने ओसरला. 'नीळ' हा शब्द मात्र मराठी घरात राहिला. पांढऱ्या कपड्यांना आज जी नीळ दिली जाते, तिचा नीळीच्या झुडपाशी काही संबंध उरलेला नाही. सुदैवाने ह्या पालटाने कोणाची विशेष हानी झाली नाही. परंतु नाव तेच राहून द्रव्य निराळे होण्याचा हा प्रकार कपाळावर, डोळ्यांत, केसांत किंवा लहान मुलाच्या अंथरुणाजवळ घडला, तर त्याचा परिणाम केवळ अर्थविचारापुरता राहत नाही.

घातक रसायनांचा संपर्क कसा कमी करावा ह्या प्रश्नाची चर्चा सामान्यतः रसायनशास्त्र व वैद्यक ह्यांच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. तथापि ह्या प्रश्नाला भाषेचीही एक बाजू आहे. गृहिणी दुकानात द्रव्य मागत नाही, नाव मागते. आणि त्या नावावर तिचा जो विश्वास असतो तो कित्येक पिढ्यांच्या अनुभवाने जमलेला असतो. हा विश्वास द्रव्य बदलले तरी नावाबरोबर पुढे चालत राहतो. म्हणून नाव आणि द्रव्य ह्यांचा वेगवेगळा विचार करावयास शिकणे ही संपर्क कमी करण्याची पहिली पायरी होय, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. नाव टिकले, द्रव्य पालटले

ह्या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे 'कुंकू'. संस्कृतातील 'कुङ्कुम' ह्या शब्दाचा अर्थ केशर. मराठीत येईपर्यंत तो शब्द हळदीपासून केलेल्या तांबड्या पुडीला लागला. हळदीतील पिवळे द्रव्य क्षारांच्या सान्निध्यात तांबूस होते; ह्याच गुणाचा उपयोग परंपरागत कुंकवात केलेला असतो. म्हणजे हा शब्द एकदा आधीच केशरावरून हळदीवर आला होता. अलीकडच्या काळात तो दुसऱ्यांदा सरकला असून बाजारातील पुष्कळशा स्वस्त कुंकवात हळदीऐवजी एखादी पांढरी पूड व कृत्रिम रंग असतो. अशा कुंकवाने कपाळावर खाज, पुरळ व पुढे काळसर डाग पडल्याची उदाहरणे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदविली आहेत. पहिला पालट निरुपद्रवी होता, दुसरा तसा नाही. आणि शब्दाकडे पाहून ह्या दोहोंतील भेद कळण्यास काही मार्ग नाही.

'मेंदी'ची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. मेंदीच्या पानात जे रंगद्रव्य असते ते त्वचेवर नारिंगीपासून गडद तपकिरीपर्यंत रंग देते. काळाभोर रंग ते देऊ शकत नाही. 'काळी मेंदी' म्हणून जी विकली जाते, तिच्यात बहुधा पॅरा-फेनिलीन-डायअमाइन हे केशरंगातील द्रव्य मिसळलेले असते. ह्या द्रव्याने काही व्यक्तींच्या त्वचेवर फोड येतात, आणि एकदा शरीराची अशी प्रतिक्रिया जडली की ती बहुधा जन्मभर टिकते. लग्नात किंवा जत्रेत हातावर काढलेल्या काळ्या मेंदीमुळे अनेक वर्षांनी केसांना कलप लावताना चेहरा सुजावा, असे घडते ते ह्यामुळेच. येथे 'काळी' हे विशेषण केवळ रंगाचे वाटते. प्रत्यक्षात ते निराळ्याच पदार्थाचा निर्देश करीत असते.

तिसरे उदाहरण 'अगरबत्ती'चे. 'अगर' हा संस्कृत 'अगरु'पासून आलेला शब्द आणि 'उदबत्ती'तील 'ऊद' हा अरबी शब्द एकाच सुगंधी लाकडाचे वाचक आहेत. देवघरातील ह्या शब्दाभोवती पावित्र्याचे वलय आहे. डास पळविण्यासाठी जी वेटोळी किंवा काडी पेटविली जाते तिलाही बोलण्यात 'डासांची अगरबत्ती' म्हटले जाते, आणि ते वलय तिलाही लाभते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात चीन व मलेशिया येथील अशा वेटोळ्या तपासण्यात आल्या. एक वेटोळी जळताना जेवढे अतिसूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्याने पडतात, असे त्यात आढळले. ज्या घरात बाळाजवळ सिगारेट ओढण्याची कल्पनाही कोणास सहन होणार नाही, त्याच घरात खिडक्या लावून बाळाच्या उशाशी ही 'अगरबत्ती' रात्रभर जळत ठेवली जाते.

३. परंपरेतच असलेले विष

वरील विवेचनावरून 'जुने ते निर्धोक, नवे ते घातक' असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा ठरेल. काही ठिकाणी नाव व द्रव्य दोन्ही जुनीच असतात आणि दोष मूळ द्रव्यातच असतो.

'शेंदूर' हा शब्द संस्कृत 'सिन्दूर' ह्यापासून आला असून परंपरेने तो शिशाच्या एका तांबड्या संयुगाचा वाचक आहे. तेलात कालवून मारुतीच्या व ग्रामदेवतांच्या मूर्तींना लेपला जाणारा पदार्थ हाच. मूर्तीला त्यापासून अपाय नाही. परंतु तो लावणारे हात, त्या हातांनी वाटला जाणारा प्रसाद आणि कपाळावर ओढले जाणारे बोट ह्या मार्गांनी शिसे माणसाच्या पोटात जाऊ शकते. उत्तर भारतीय स्त्रिया भांगात भरतात तो सिंदूरही नावाने हाच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सिंदुराचे ११८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ९५ न्यू जर्सीतील दुकानांतून आणि २३ मुंबई व दिल्ली येथून घेतलेले होते. एका ग्रॅममध्ये २० मायक्रोग्रॅम शिसे ही मर्यादा अमेरिकेतून घेतलेल्या नमुन्यांपैकी १९ टक्के आणि भारतातून घेतलेल्यांपैकी ४३ टक्के नमुन्यांनी ओलांडली होती. शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांच्या मेंदूस निर्धोक मानता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे मत येथे ध्यानात घेतले पाहिजे. प्रौढ माणसाच्या मानाने लहान मूल पोटात गेलेले शिसे चार ते पाच पट अधिक शोषून घेते.

'सुरमा' हा फारसीतून आलेला शब्द. कोशांत त्याचा अर्थ अँटिमनी ह्या धातूचे खनिज असा दिलेला असतो. प्रत्यक्ष बाजारातील सुरम्याच्या तपासण्यांत मात्र पुष्कळदा शिशाचे खनिज आढळून आले आहे. दोन्ही खनिजे काळी, जड व चकाकणारी असल्यामुळे व्यवहारात एकाच नावाखाली ती नांदली. 'काजळ' हा शब्द निराळा. तो दिव्याच्या काजळीचा. घरी धरलेल्या काजळात शिसे नसते. तरी काजळी, तूप व बोट ह्यांच्यामुळे तान्ह्या बाळाच्या डोळ्यास संसर्ग होण्याचे भय असतेच, म्हणून बालरोगतज्ज्ञ ते डोळ्यांत घालू नये असे सांगतात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावयाची असेल, तर ती बाळाच्या तळपायाला लावल्यानेही रूढी पाळली जाते.

४. ज्यांना नावच नाही

तिसरा वर्ग अशा द्रव्यांचा की ज्यांना व्यवहारात नावच नाही. 'क्रीम' हा शब्द पदार्थाचे रूप सांगतो. त्यात काय आहे ते सांगत नाही. २०२३ च्या आरंभी अकोला येथील एका कुटुंबाची हकिकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. त्या घरातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला होता, आणि तिघीही स्थानिक सौंदर्यप्रसाधिकेकडून मिळालेले एकच उजळपणाचे क्रीम वापरीत होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या साहाय्याने झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये अनुमत मर्यादेच्या कित्येक पटींनी अधिक पारा असल्याचे दिसून आले. केरळातील वैद्यांनीही अशाच स्वरूपाचा अनुभव नोंदविला आहे. तेथे जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ ह्या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले गेले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण उजळपणाची क्रीमे वापरीत होते.

पाऱ्याने त्वचा उजळते हे खोटे नाही, आणि खरी अडचण तीच आहे. त्वचेला वर्ण देणारे द्रव्य तयार होण्याच्या क्रियेत पारा अडथळा आणतो. त्यामुळे काही आठवड्यांत गुण दिसू लागतो आणि क्रीमवर विश्वास बसतो. दरम्यान तोच पारा त्वचेतून रक्तात व तेथून मूत्रपिंडात पोहोचत असतो. हात, उशी व टॉवेल ह्यांच्या द्वारे तो क्रीम न वापरणाऱ्या घरातील मुलांपर्यंतही जातो. मराठीत पाऱ्याची नावे विपुल आहेत. रसशास्त्रातील 'रस' म्हणजे पारा, 'हिंगूळ' हे त्याचे खनिज, तर 'रसकापूर' हे त्याचे क्लोरिनयुक्त संयुग असून त्यात कापराचा लेशही नसतो. इतकी शब्दसंपत्ती असलेल्या भाषेतील स्त्रीच्या हाती जी डबी पडते, तिच्यावर ह्यांपैकी एकही शब्द नसतो.

'टिकली'च्या बाबतीत दोष टिकलीत नसून तिच्या मागील गोंदात असतो, आणि त्या गोंदाला ग्राहकाच्या भाषेत नाव नाही. काही गोंदांत असणारे पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फेनॉल हे द्रव्य त्वचेतील वर्णपेशींना मारते. परिणामी टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. येथे भाषा दुसऱ्यांदा आघात करते. अशा डागास लोक 'कोड' म्हणतात. आणि 'कोड' हा शब्द संस्कृत 'कुष्ठ' ह्यापासून आलेला असल्यामुळे त्याच्याबरोबर महारोगाची जुनी भीती व बहिष्काराची छाया येते. वास्तविक हा डाग संसर्गजन्य नाही, आनुवंशिक नाही, आणि टिकली वेळीच बंद केल्यास पुष्कळदा वाढतही नाही. तथापि गोंदाचे कारण ठाऊक नसल्यामुळे एखाद्या मुलीचे लग्न त्या डागापायी अडू शकते.

५. नाव खरे सांगते तेव्हा

ह्याउलट काही नावे प्रामाणिक असतात. कपड्यांच्या पेटीत ठेवावयाच्या पांढऱ्या गोळ्यांना मराठीत 'डांबरगोळ्या' म्हणतात. त्यांतील नॅफ्थॅलीन प्रथम डांबरातूनच वेगळे करण्यात आले होते, म्हणजे हे नाव पदार्थाचे मूळ नेमके सांगते. तरीही ठेवणीतील दुपटी व गोधड्या पेटीतून काढून तशाच नवजात बाळावर पांघरल्या जातात. काही मुलांच्या तांबड्या रक्तपेशींत एका विकराची जन्मजात उणीव असते. अशा मुलाने ही वाफ हुंगली तर रक्तपेशी फुटून कावीळ तीव्र होऊ शकते. कापराच्या वडीशी असलेल्या साम्यामुळे मुले ह्या गोळ्या तोंडात घालतात, तोही धोका वेगळाच.

स्नानगृह स्वच्छ करण्याच्या 'ॲसिड'चे नावही पुरेसे बोलके आहे. परंतु तेच ॲसिड ब्लीचिंग पावडरवर किंवा तशाच विरंजक द्रवावर ओतले असता क्लोरिन वायू निर्माण होतो, ही गोष्ट दोहोंपैकी एकाही नावात सांगितलेली नाही. 'दोन्ही घातल्यास अधिक स्वच्छ' ही समजूत बंद न्हाणीघरात श्वास कोंडण्यास कारण होते.

नाव उगीच भय दाखविते असेही एक उदाहरण आहे. 'शिसपेन्सिल' ह्या शब्दात शिसे आहे, पेन्सिलीत नाही. तेथे असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनाचे एक रूप. खरे शिसे जुन्या घराच्या दारांवरील रंगाच्या पापुद्र्यांत असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा भारतातील नियम २०१६ साली करण्यात आला व नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. म्हणून त्यापूर्वी रंगविलेली दारे-खिडक्या खरवडताना उडणारी धूळ आजच्या रंगाऱ्यास व घरातील मुलांस अपायकारक होऊ शकते.

६. कायद्याची भाषा

भारतात १९४० च्या औषधविषयक कायद्याच्या कक्षेत सौंदर्यप्रसाधने १९६२ च्या सुधारणेने आणली गेली. २०२० पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र नियमावली आहे. शिसे व सोमल ह्यांची संयुगे रंगासाठी वापरण्यास बंदी आहे. पाऱ्याविषयी भारताने २०१८ साली मिनामाता कराराला मान्यता दिली. त्या कराराच्या २०२३ च्या परिषदेत पारा घातलेली सर्व सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरले. नियम अपुरे आहेत असे म्हणता येत नाही.

तथापि दोन ठिकाणी भाषेची अडचण उभी राहते. पहिली व्याख्येची. कायद्यातील 'सौंदर्यप्रसाधन' ही संकल्पना वस्तूच्या उद्दिष्टावर आधारलेली आहे : शरीर स्वच्छ करणे, सुशोभित करणे किंवा त्याचे रूप पालटणे ह्यांसाठी जे लावावयाचे ते सौंदर्यप्रसाधन. तीच तांबडी पूड 'पूजेसाठी' म्हणून विकली की हे नियम तिला लावणे अवघड होते. परंतु देवापुढचे कुंकू कपाळाला लावले जाते, हे मराठी घरात कोणास सांगावयास नको.

दुसरी अडचण वेष्टनाची. केशरंगांवरील इशारा इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांतही द्यावा, अशी नियमांची अपेक्षा आहे. त्या इशाऱ्याचा आशय असा : हे द्रव्य काहींच्या त्वचेस दाह करू शकते, म्हणून आधी चाचणी घ्यावी, पापण्या व भुवया ह्यांना ते लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते. पण हा मजकूर बारीक टायपात, 'प्राथमिक परीक्षण करण्यात यावे' अशा कार्यालयीन मराठीत छापला गेला, तर नियमाचे पालन होते, इशारा मात्र पोहोचत नाही. 'आधी थोडा रंग कानामागे लावा, एक दिवस थांबा, खाज आली तर वापरू नका' हे वाक्य शास्त्रदृष्ट्या तितकेच अचूक असून देवगाव रंगारीतील कोणत्याही वाचकास कळण्यासारखे आहे. घटकद्रव्यांची यादी तर रोमन लिपीतच असते, आणि 'सुगंध' ह्या अर्थाचा एकच शब्द तेथे अनेक द्रव्यांना झाकून टाकतो. 'पारा', 'शिसे', 'सोमल' हे शब्द मराठीत जिवंत आहेत. नवे शब्द घडविण्याची गरजही नाही.

७. व्यवहारातील उपाय

द्रव्य घातक आहे एवढ्यावरून अपाय होतोच असे नाही. ते किती, किती वेळ आणि कोणत्या मार्गाने शरीरात जाते ह्यावर अपाय अवलंबून असतो. म्हणून संपर्क कमी करणे हे ध्येय साध्य आहे आणि त्याला फारसा खर्चही लागत नाही.

शेंदूर मूर्तीपुरता ठेवावा, तो लावल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि मुलांच्या कपाळास तो लावू नये. सुरमा कोणाच्याच डोळ्यांत घालू नये. ज्या क्रीमवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक व घटकांची यादी नाही, ते कितीही गुणकारी वाटले तरी वापरू नये. थोड्या आठवड्यांत होणारा उजळपणा हाच संशयाचे कारण मानावा. काळी मेंदी टाळावी. केशरंग वापरावयाचा असल्यास चोवीस तासांची चाचणी दर वेळी घ्यावी. टिकली रात्री काढून ठेवावी आणि त्या जागी त्वचा फिकट दिसू लागताच ती बंद करून वैद्याकडे जावे. डांबरगोळ्यांतील कपडे बाळाला वापरण्यापूर्वी धुऊन उन्हात वाळवावेत. ॲसिड व विरंजक ही कधीही एकत्र करू नयेत, आणि ती शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नयेत, कारण बाटलीचा आकार हेही मुलाच्या दृष्टीने एक नावच असते. डासांसाठी मच्छरदाणी हा उपाय धुरापेक्षा केव्हाही बरा.

८. समारोप

'कुंकू' हा शब्द केशरावरून हळदीवर आणि हळदीवरून कृत्रिम रंगावर आला, हे कोशकारास एका नोंदीत सांगता येते. ती नोंद कोशातच राहिली, तर तिचे मोल केवळ अभ्यासकापुरते. बोलीभाषांचे सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्याने गावोगावी शेतीची अवजारे व नात्यांचे शब्द टिपावेत, त्याचबरोबर किराणा दुकानातील व न्हाणीघरातील वस्तूंना लोक काय म्हणतात, आणि त्या नावाखाली आज काय विकले जाते, हेही टिपावे. अशी शब्दसूची रसायनशास्त्र विभागाच्या हाती दिली म्हणजे कोणते नमुने तपासावयाचे ते कळेल, आणि तपासणीचे निष्कर्ष पुन्हा त्याच शब्दांत गावाला सांगता येतील. अकोल्याच्या त्या तिघींच्या डबीवर 'ह्यात पारा आहे' एवढे तीन शब्द असते, तर ते वाचण्यास त्यांना कोणत्याही कोशाची गरज पडली नसती.